पावसाची तीव्रता आणि रिटर्न पिरियड : नाल्याचं गणित घरबसल्या कसं करायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, "२०० मिमी पाऊस" एवढंच म्हणून काही कळत नाही, किती वेळात पडला ते सांगा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला पण मुंबई बुडाली ती दुपारनंतरच्या काही तासांमुळे, एका तासात तर १९० च्या आसपास, आणि शहराची जुनी गटारं तासाला २५ मिमीच्या हिशोबाने बांधलेली. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नाही! म्हणून जवळच्या केंद्राचा डेटा घ्या, जिल्ह्याचा सरासरी आकडा घेऊन बसू नका.

ऑटोमॅटिक पर्जन्यमापकाचा चार्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं. सायफनवाल्या यंत्रात पेन वर वर चढत जातं, १० मिमी भरले की पाणी रिकामं होऊन पेन धाडकन खाली येतं, परत चढायला लागतं. रेघ जितकी उभी तितका पाऊस जोराचा. मी कागदाची पट्टी अर्ध्या तासाएवढी कापून चार्टवर सरकवत बसायचो, जिथे सगळ्यात जास्त चढ तो त्या वादळाचा अर्ध्या तासाचा आकडा. घड्याळाचे तास धरू नका हं, जोराचा पाऊस काही दोनला सुरू होऊन तीनला थांबत नाही.

बहुतेक वेळा मात्र हातात फक्त रोजचा पाऊस असतो, सकाळी साडेआठ ते साडेआठ. मग प्रत्येक वर्षातला एकच सगळ्यात मोठा दिवस उचलायचा, निदान २५-३० वर्षांचा. एकदा एका ऑफिसातून मला फाइल मिळाली त्यात माप न घेतलेल्या दिवसांना सरळ शून्य टाकलेलं, आणि नेमके ते जुलैचे दिवस, त्यामुळे रिकामे दिवस आधी शोधा.

आता हे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा. रिटर्न पिरियड म्हणजे तेवढा किंवा त्याहून मोठा पाऊस सरासरी किती वर्षांतून एकदा येतो ते. ३० वर्षं असतील तर पहिल्याचा रिटर्न पिरियड ३१ भागिले १, दुसऱ्याचा ३१ भागिले २ म्हणजे साडेपंधरा वर्षं. ५० किंवा १०० वर्षांचा आकडा हवा असेल तर गुम्बेलचं सूत्र वापरा : सरासरी अधिक के गुणिले प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप). के १० वर्षांसाठी १.३०५, २५ ला २.०४४, ५० ला २.५९२, १०० ला ३.१३७ (डेटा कमी वर्षांचा असेल तर थोडा जास्त घेतात).

समजा सरासरी १६० मिमी आणि विचलन ५५, तर २५ वर्षांचा पाऊस २७२ मिमी. साडेआठची रेघ वादळाला मधोमध कापते म्हणून १.१३ ने गुणायचं, झाले ३०८. एका तासाचा काढायला आपल्याकडे घनमुळाचा नियम चालतो, तासांना २४ ने भागून जे येईल त्याचं घनमूळ काढायचं आणि त्याने २४ तासांच्या पावसाला गुणायचं, म्हणजे ३०८ भागिले २.८८, साधारण १०७ मिमी. अर्ध्या तासाला ८५ मिमी येतो, म्हणजे तीव्रता ताशी १७०, इथेच लोक गोंधळतात आणि ८५ च धरून मोकळे होतात. हा नियम ढोबळ आहे, चार्ट असेल तर चार्टच खरा.

कुठला वेळ घ्यायचा? लांबच्या टोकाचं पाणी मोरीपर्यंत यायला जितका वेळ लागतो तितका. एक तास लागत असेल, क्षेत्र ४० हेक्टर आणि वाहून जाणारा वाटा ०.६ असेल तर ०.६ × १०७ × ४० भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला ७ घनमीटरच्या वर.

एकट्या मोठ्या आकड्याला घाबरून राहा. वरच्याच ३० वर्षांत गंमत म्हणून एक ९४४ टाकून बघितलं तर २५ वर्षांचा पाऊस २७२ वरून थेट ४९३ वर गेला! म्हणून तो काढूनही टाकू नका आणि आंधळेपणाने ठेवूही नका, शेजारच्या केंद्रांशी ताडून बघा, दोन्ही उत्तरं रिपोर्टात लिहा.

आणि सरपंच विचारणारच, "२५ वर्षांची मोरी म्हणजे २५ वर्षं टेन्शन नाही ना?" तर नाही. दरवर्षी ४ टक्के शक्यता, ३० वर्षांत निदान एकदा तरी तो पाऊस ओलांडला जाण्याची शक्यता ७० टक्के. १०० वर्षांची बांधली तरी २६ टक्के उरतेच.