विंडोज ठेवायचं की लिनक्स टाकायचं? आधी मशीनवर काम काय चालते ते पाहा

सध्या गावात जो तो हेच विचारते, "भाऊ, विंडोज १० बंद झालं म्हन्ते, आता हा लॅपटॉप भंगारात देऊ काय?" नका देऊ बाप्पा! मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, त्यानं मशीन बंद पडत नाही, पण नेहमीचे फुकट सुरक्षा अपडेट थांबतात. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागते, इंटेलचा प्रोसेसर असला तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागते, आपल्या इकडं जी सेकंडहँड मशीनं फिरतात त्यातल्या बऱ्याच त्यात बसतच नाहीत.

मग सरळ लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, टाकून द्यायचं काय? थांबा. एक कागद घ्या आणि त्या मशीनवर रोज काय काय काम होते ते लिहा, सगळा निकाल त्या कागदावर आहे.

कागदावर टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन असं असलं, म्हणजे सेतूचं काउंटर किंवा कृषी केंद्राचा हिशोब, तर विंडोजच ठेवा. टॅली विंडोजसाठीच बनते, आणि बाकीच्या वस्तूंचे ड्रायव्हरही विंडोजवरच बिनबोभाट चालतात. फक्त लायसनवालं घ्या. क्रॅकवालं, म्हणजे चोरीचं, टाकताना पहिले अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्याच मशीनवर आपण गावभराचे आधार आणि पासबुक स्कॅन करतो, हे मला अजिबात पटत नाही.

पण कागदावर पोट्ट्यांचा अभ्यास, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म, अर्ज टाइप करणं एवढंच असलं तर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाका, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती, ४ जीबी रॅमवर मस्त चालते. मिंट उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर बनते, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्यांसाठी मोठी गोष्ट म्हणजे अपडेट तुम्ही हो म्हटल्यावरच उतरते. रेड हॅट वगैरे पैशाचं लिनक्स असते, पण तिथं पैसे सपोर्टचे असतात, घरच्या मशीनला त्याची गरज नाही.

मराठीचं आधीच पाहून घ्या. नवीन युनिकोड (मोबाइलवर टाइप होते तसं मराठी) फाइल लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या फुकटच्या ऑफिसमध्ये, बरोबर उघडते, पण कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल उघडली की "ग्रामसभा" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते, फाइल खराब झाली समजून लोक घाबरतात. काही झालं नसते, जुन्या मशीनमधून कृतिदेवची फॉन्ट फाइल आणून होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाका, अक्षरं परत येतात.

आता टाकायचं कसं. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, मिंटची फाइल जवळपास ३ जीबी आहे म्हणून ज्याच्याकडं वायफाय आहे त्याच्याकडून उतरवून आणा, मग रुफस नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्हवर चढवा, त्यातलं जुनं सगळं पुसल्या जाते हे ध्यानात ठेवा. मशीन चालू करताना डेल, लेनोव्होला एफ१२ आणि एचपीला एफ९ दाबा, पेनड्राइव्ह निवडा. मिंट काहीही न पुसता तिथूनच चालू होते. तसंच अर्धा तास वापरा, वायफाय पाहा, आवाज पाहा, आणि प्रिंटर जोडून मराठीचं एक पान काढाच. मी एकदा प्रिंटर न तपासता हार्ड डिस्क पुसली होती, नंतर दोन दिवस त्याचा लाइट नुसता लुकलुकत राहिला पण कागद काही हलला नाही, शेवटी परत विंडोज टाकावं लागलं.

सगळं जमलं तर फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, आणि मगच इन्स्टॉल दाबा. बॅटरी फुल पाहिजे, मधातच लाइन गेली तर काम अर्धवट राहते आणि पहिल्यापासून करावं लागते. आमच्याकडं सकाळी लाइन टिकते, म्हणून मी हे काम सकाळीच घेतो.