कंदिलाची कागदी जाळी पेन टॅबलेटवर कशी काढायची

माऊसने कंदिलाची जाळी काढणं म्हणजे मनगटाची वाट, आणि मोराच्या मानेचा बाक तर मनासारखा येतच नाही. त्यासाठी महागडा स्क्रीनवाला टॅबलेट नको, साधा छोटा पेन टॅबलेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेनने रेघा ओढायची पाटी, भरपूर झाला.

ड्रायव्हर, म्हणजे टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला की आधी सेटिंगमध्ये टॅबलेट आणि स्क्रीनचं प्रमाण सारखं करून घ्या, नाहीतर गोल काढाल आणि अंडं उमटेल. माऊस उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाण हलत नाही पण पेनचं तसं नाही, टॅबलेटचा कोपरा म्हणजे स्क्रीनचा कोपरा, त्यामुळे नजर स्क्रीनवरच ठेवा, हाताकडे बघू नका. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होणारच, तरी माऊसला हात लावू नका.

आता इंकस्केप हा चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडा, फुकट आहे. पेन्सिल टूल घ्या, स्मूदिंग, म्हणजे रेघेची थरथर कमी करणारी सेटिंग, थोडं वाढवा आणि प्रेशर बंदच ठेवा, कारण दाबाप्रमाणे जाड-बारीक होणारी रेघ चित्रात छान दिसते पण कापायला एकच स्वच्छ रेघ लागते. रेघ ओढताना बोटं नाही, कोपरापासून हात फिरवा. मग कंट्रोल आणि एल दाबून जास्तीचे नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, कमी करा, पण सारखं दाबू नका, आकार बिघडतो. एकच पाकळी नीट काढा, बाकीच्या कॉपी करून फिरवा. प्रत्येक आकार बंद हवा, म्हणजे रेघेची दोन्ही टोकं जुळलेली हवीत, आणि दोन भोकांमध्ये निदान 3 मिमी कागद सोडा, नाहीतर जाळी कापताना फाटते.