हिवाळ्यातील नगरपरिषदेची कामे: या चुका टाळा

दिवाळीनंतरचे तीन-चार महिने नगरपरिषदेच्या कारभारात सर्वांत निर्णायक असतात, हे बहुतेक नागरिकांच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात पालिकेची यंत्रणा तुंबलेल्या नाल्यांमागे धावत असते आणि उन्हाळ्यात टँकरमागे. मात्र पुढच्या वर्षी कोणत्या रस्त्याला पैसे मिळणार, पाणीटंचाईच्या आराखड्यात कोणती वस्ती येणार, कोणाच्या घरपट्टीवर शास्ती म्हणजे दंड चढणार आणि मतदार यादीत कोणाचे नाव राहणार, हे सारे साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ठरत जाते. एप्रिलमध्ये तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ‘अगोदर यायला हवे होते’ असे उत्तर मिळते आणि ते कितीही चीड आणणारे असले, तरी पुष्कळदा खरे असते. महाराष्ट्रातील छोट्या शहरांत दर हिवाळ्यात होणाऱ्या काही चुका आणि त्या होऊन गेल्यास करायचे उपाय पुढे दिले आहेत.

घरपट्टी मार्चवर ढकलणे

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून घरपट्टीही मार्चअखेर भरली तरी चालते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात देयकावर छापलेली मुदत पाळावी लागते आणि ती उलटल्यानंतर नगरपरिषद क्षेत्रात थकीत रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण ८,००० रुपयांच्या थकबाकीवर तो महिन्याला १६० आणि वर्षाला १,९२० रुपये होतो. बँकेतल्या मुदत ठेवीवर २४ टक्के व्याज कोणी देत नाही, त्यामुळे पैसे हाताशी असूनही कर अडवून ठेवण्यात कसलाही शहाणपणा नाही. ‘कधीतरी अभय योजना येईल’ या आशेवर वर्षानुवर्षे थकबाकी ठेवणारेही पुष्कळ आहेत. अशा योजना अधूनमधून येतात हे खरे, परंतु त्यात सवलत मिळते ती शास्तीत, मूळ करात नव्हे. शिवाय योजना येईपर्यंत नळजोडणी तोडण्याची किंवा मालमत्ता अटकावून ठेवण्याची कारवाई थांबेलच, अशी हमी कोणी देत नाही.

दुसरी चूक देयक न वाचण्याची. एकाच कागदावर मालमत्ता कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, स्वच्छता शुल्क आणि शासनाच्या वतीने वसूल होणारा शिक्षण कर अशा निरनिराळ्या ओळी असतात, तर दुकान किंवा अन्य बिगरनिवासी वापर असल्यास रोजगार हमी कराची ओळही येते. निव्वळ राहत्या घराच्या देयकावर ही शेवटची ओळ दिसली, तर नोंदवहीत आपल्या घराचा वापर चुकीचा लिहिला गेला आहे, हे ओळखावे. तसेच स्वतः राहत असलेला मजला भाड्याचा दाखवला आहे का, क्षेत्रफळ जुळते का आणि पाडून टाकलेली खोली अजून कागदावर उभी आहे का, हेही पाहावे. नगरपरिषदा दर चार वर्षांनी जी फेरआकारणी करतात तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. तिच्या नोटिशीनंतर हरकतीसाठी मुदत दिलेली असते आणि चुका दुरुस्त करून घेण्याची खरी वेळ तीच. ती हुकली असल्यास लेखी अर्ज करून फेरमोजणीची मागणी करावी, मात्र वाद मिटेपर्यंत कर भरणे थांबवू नये, कारण शास्ती वादाकडे पाहत नाही. ‘हरकत राखून रक्कम भरत आहे’ असे अर्जात स्पष्ट लिहून पैसे भरावेत.

घर विकत घेतलेल्यांकडून आणखी एक गोष्ट राहून जाते. दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदवले की पालिकेच्या दप्तरी नाव आपोआप बदलते, असे समजून ते निर्धास्त राहतात. कर आकारणी नोंदवहीतले नाव बदलण्यासाठी पालिकेत स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि मिळकत पत्रिकेवरील (प्रॉपर्टी कार्डवरील) नावासाठी भूमी अभिलेख विभागाकडे वेगळा. जुन्या मालकाच्या नावाने आलेली नोटीस त्याच्याच पत्त्यावर जाते आणि थकबाकी मात्र घरावर साचत राहते. उलट बाजूही ध्यानात ठेवावी: घरपट्टीची पावती आपल्या नावाने निघते एवढ्यावरून मालकी हक्क सिद्ध होत नाही.

नळाला थेट मोटर लावणे

छोट्या शहरांत पाणी एक दिवसाआड, काही ठिकाणी चार-पाच दिवसांआड आणि तेही तास-दीड तास येते. धरणे भरलेली असल्यामुळे हिवाळ्यात पाण्याची ओरड कमी असते आणि नेमक्या याच काळात नळजोडणीतले दोष दुर्लक्षित राहतात. सर्वांत गंभीर दोष म्हणजे नळाच्या तोटीलाच बसवलेली मोटर. तिच्यामुळे शेजाऱ्याचे पाणी कमी होते एवढेच लोकांना ठाऊक असते. परंतु मोटर पाणी ओढू लागते तेव्हा जलवाहिनीतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा खाली जाऊ शकतो आणि वाहिनीला जेथे बारीक भेग किंवा सैल जोड असेल तेथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. आपल्याकडे असंख्य घरगुती नळजोडण्या गटारातून, नव्हे गटाराच्या तळातूनच गेलेल्या आहेत. गंजलेल्या लोखंडी पाइपाला तेथे छिद्र पडले असेल, तर ‘पाण्याला वास येतो’ ही तक्रार करणारा माणूस आणि तो वास गल्लीत ओढून आणणारा माणूस कधीकधी एकच असतो.

पाणी गढूळ किंवा वासाचे आल्यास सगळा दोष जलशुद्धीकरण केंद्रावर टाकण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे खराब पाणी फक्त सुरुवातीची पाच-दहा मिनिटे येते की पूर्ण वेळ. फक्त सुरुवातीला येत असेल, तर पुरवठा बंद असताना रिकाम्या झालेल्या वाहिनीत काहीतरी झिरपते आहे, असा संशय घेण्यास जागा आहे. दुसरी म्हणजे शेजारच्या घरी काय स्थिती आहे. एकट्या आपल्याच घरी त्रास असल्यास दोष मुख्य वाहिनीपासून आपल्या घरापर्यंतच्या जोडणीत असण्याची शक्यता अधिक. सगळ्या गल्लीत असल्यास तो वितरण वाहिनीत. त्यानंतर पाणीपुरवठा विभागाकडे ओ. टी. म्हणजे ऑर्थोटोलिडीन द्रावणाच्या चाचणीची मागणी करावी. नळाच्या पाण्यात या द्रावणाचे थेंब टाकले असता ते पिवळे झाले, तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. रंग बदललाच नाही, तर क्लोरीन वाटेतच संपलेला आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असणे अपेक्षित आहे. ही चाचणी काही मिनिटांची असून कर्मचारी ती नळावरच करू शकतो. निकाल येईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे. तुरटी फिरवलेले पाणी नितळ दिसते, पण तेवढ्याने ते जंतुरहित होत नाही.

ज्या वस्तीला दर उन्हाळ्यात टँकर लागतो, तेथील रहिवाशांनी मार्चपर्यंत थांबणे ही निराळी चूक. राज्यात टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून या कालावधीसाठी, तिमाहीवार टप्प्यांत केला जातो. मागच्या उन्हाळ्यात किती दिवस पाणी नव्हते आणि कोणती विंधन विहीर आटली, याची माहिती लेखी स्वरूपात डिसेंबरमध्येच पालिकेकडे गेली, तर तिचा उपयोग होण्याची शक्यता बरीच वाढते.

कचरा, पालापाचोळा आणि शेकोटी

पानगळ सुरू झाली की अंगणातला पाला झाडून कोपऱ्यात पेटवून देण्याची आपली जुनी सवय आहे आणि पालिकेचे काही सफाई कर्मचारीही तेच करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साध्या प्रकारात ५,००० व मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला. हिवाळ्यात हा धूर अधिक त्रासदायक ठरतो, कारण रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो आणि धूर वर न जाता वस्तीतच रेंगाळतो. दमेकरी आणि लहान मुले असलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. पाला वेगळ्या पोत्यात भरून ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्यावा किंवा आवारात खड्डा करून कुजवावा. आवारातले झाड तोडायचे किंवा मोठ्या फांद्या छाटायच्या असतील, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमानुसार स्वतःच्या जागेतही पालिकेची परवानगी लागते.

शेकोटीबाबत एकच गोष्ट ठासून सांगायला हवी: कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत ठेवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरलाही हेच लागू आहे. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे असे काही एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना होऊ लागले, तर प्रथम सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे. कारणांची चर्चा नंतर करावी.

तोंडी तक्रार करून वाट पाहणे

डिसेंबरमध्ये सहा वाजताच अंधारून येते, त्यामुळे बंद पथदिव्यांच्या तक्रारी वाढतात. ‘आमच्या गल्लीतला दिवा बंद आहे’ असे नगरसेवकाला रस्त्यात सांगून लोक आठवडाभर थांबतात आणि मग पालिकेला दूषणे देतात. खांबावर रंगाने लिहिलेला क्रमांक तक्रारीत असेल, तर दुरुस्ती करणाऱ्याला गल्लोगल्ली शोधत फिरावे लागत नाही. एकच दिवा बंद आहे की सलग पाच-सहा, हेही लिहावे, कारण सलग दिवे बंद असल्यास बिघाड दिव्यात नसून वाहिनीत किंवा नियंत्रण पेटीत असण्याची शक्यता जास्त. दिवे लागतात पण उशिरा, असे असेल, तर टायमर उन्हाळ्याच्या वेळेवरच राहिला असावा.

कोणतीही तक्रार दोन प्रतींत लिहावी, आवक-जावक म्हणजे बारनिशीच्या टेबलावर द्यावी आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून हलू नये. पोच नसलेला अर्ज कार्यालयाच्या लेखी अस्तित्वातच नसतो. दाखले, नळजोडणी, उतारे अशा अधिसूचित सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही, तर प्रथम अपील करता येते, आणि त्यासाठीही अर्ज कधी दिला हे दाखवणारा कागदच लागतो.

अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर मागणी करणे

नगरपरिषदेचा पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प हिवाळ्यातच आकार घेतो. प्रभागातल्या गटाराची किंवा रस्त्याची मागणी त्याआधी, म्हणजे शक्यतो डिसेंबरमध्ये, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी द्यावी आणि तिची प्रत नगरसेवकाला द्यावी. मागणीत जागा, अंदाजे लांबी आणि किती घरांना उपयोग होईल, एवढे तरी असावे. ‘विकास करावा’ या शब्दांची तरतूद अर्थसंकल्पाच्या कोणत्याही लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या सदरात, होत नाही. ‘बागेचे पैसे आमच्या रस्त्याला द्या’ ही मागणीही सहसा निष्फळ ठरते, कारण मोठ्या अनुदानांचे हेतू आधीच ठरलेले असतात. उदाहरणार्थ, पंधराव्या वित्त आयोगाने छोट्या शहरांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता या कामांशी बांधली होती.

मतदार यादीबाबतचा घोळ

नगरपरिषदेच्या निवडणुकीची प्रभागनिहाय यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. प्रारूप यादीवर हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेले नाव किंवा लेखनिकाची चूक दुरुस्त करता येते, पण विधानसभेच्या यादीत नसलेले नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही. नवीन नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलासाठी नमुना ८ वेळीच भरावा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता तारखा, म्हणजे ज्या दिवशी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात त्या तारखा, आहेत.

संक्रांतीचा मांजा

नायलॉन मांजावर बंदी असूनही तो चोरून विकला जातो आणि जानेवारीत दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या बातम्या येतातच. विक्री होताना दिसल्यास दुकानदाराशी हुज्जत न घालता पोलीस ठाण्यात किंवा पालिकेत कळवावे. मुलाला दुचाकीवर पुढे उभे करून नेणे या आठवड्यात पूर्ण टाळावे आणि गळ्याभोवती जाड रुमाल किंवा मफलर गुंडाळावा. विजेच्या तारांत अडकलेला पतंग काठीने, विशेषतः लोखंडी गजाने, काढण्याचा प्रयत्न करू नये. ओला किंवा धातूचा अंश असलेला मांजा वीजवाहक असतो. तारेवर लोंबणारा मांजा हाताला येईल इतका खाली असेल, तर मुलांना तेथून दूर ठेवून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर जवळच्या खांबाचा क्रमांक सांगून कळवावे.