तीन कोड एकदम आले तर आधी सेन्सरला हात लावू नका

आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलं आणि चार वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंप-नोझलचं काम केलं. इंजिन उघडायला कधी भीती वाटली नाही. पोकलेनच्या युरिया टाकीतल्या सेन्सरनं मात्र घाम फोडला. (डिझेलचा धूर साफ करायला सायलेन्सरच्या लाइनमध्ये युरियाचं पाणी फवारतात, त्याची ही टाकी.) साइट सर्व्हिसला लागून दोन महिने झाले नव्हते, तेवढ्यात पन्नास हजारांच्या घरातला एक पार्ट माझ्या हातून उगीच बदलला गेला. इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. अर्धे पैसे माझ्या पगारातून कापले, सहा हप्त्यांत.

काम गगनबावड्याच्या बाजूला, रस्त्याचं. भर ऑगस्ट, पाऊस थांबायचं नाव नाही. टायरचा पोकलेन तासभर नीट चालायचा, मग युरियाचा दिवा लागायचा आणि थोड्या वेळानं मशीन लोड घेईना व्हायचं. ऑपरेटर चावी बंद करून परत लावायचा, की पुन्हा तासभर बरं. स्कॅनर लावला तर तीन फॉल्ट कोड. एसपीएन (बिघाड कशात, तो नंबर) १७६१, ३०३१ आणि ३३६४, म्हणजे युरियाची पातळी, तापमान आणि दर्जा. तिन्हींवर एफएमआय (बिघाड कुठल्या प्रकारचा, तो नंबर) ९.

९ चा अर्थ मला पाठ होता, समजला नव्हता. माहिती ठरल्या वेळेला येत नाही, एवढंच तो सांगतो. युरिया खराब आहे किंवा सेन्सर मेला आहे, असं तो कुठंच म्हणत नाही. पण मी रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्यात युरिया किती टक्के ते दाखवणारं यंत्र) थेंब टाकला, ३२.५ टक्के आलं, म्हणजे युरिया चांगला. सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) काढला, मल्टिमीटर लावला, सप्लाय २४ व्होल्ट. अर्थच्या (निगेटिव्हच्या) वायरला कंटिन्युइटी लावली, बीप वाजला. वायरिंग ओके. मग उरलं काय? सेन्सर! पातळी, तापमान आणि दर्जा हे तिन्ही एकाच हेडरमध्ये असतात, म्हणून अख्खा हेडर मागवला, टाकी रिकामी केली, बसवला. तासभर चालवून बघितलं, कोड नाही. मी खुशीत निघालो, कळ्यापर्यंत पोचलो आणि मालकांचा फोन आला, तेच कोड परत.

आता जरा सविस्तर सांगतो, कारण हे नवीन पोरांना कुणी सांगत नाही. मल्टिमीटर व्होल्टेज बघताना स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीचे सगळे धागे कुजून एकच धागा धरून राहिला असला तरी मीटर पूर्ण २४ दाखवतो. उसाच्या पाइपलाइनचं बघा. पुढचा व्हॉल्व्ह बंद असला की गेजवर प्रेशर पूर्ण, पाइप आतून गाळानं भरलेला असला तरी. व्हॉल्व्ह उघडा, मग बारीक धार येते. मी कपलर काढून मोजलं, म्हणजे व्हॉल्व्ह बंद ठेवून मोजलं. कंटिन्युइटीचा बीप तर आणखी लबाड. थोडा रेझिस्टन्स असला तरी तो वाजतोच, आणि पाच-दहा ओहम म्हणजे सेन्सरच्या अर्थला काही थोडं नव्हे.

शेवटी शिरोलीकडचे एक जुने इलेक्ट्रिशियन मिस्त्री आले. साठी उलटलेली, फोन साधा बटणाचा. त्यांनी तीन कोड ऐकले आणि म्हणाले, "तिघं भाऊ एकाच दिवशी जुलाबानं आडवं झालं, तर तिघांची पोटं फाडत बसणार, का आधी विहीर बघणार रं?" मग पिशवीतनं २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी. सप्लायच्या पिनला लावला, बल्ब लख्ख. एक टोक बॅटरी पॉझिटिव्हला आणि दुसरं कपलरच्या अर्थ पिनला लावलं, तर बल्ब विस्तवासारखा नुसता लाल. हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) टेप सोलली तर टाकीच्या मागे वीतभर तांबं आतून हिरवं-काळं. युरिया भरताना कपलरवर सांडलेला, तो वायरीच्या धाग्यांमधनं आत चढत गेला. तांब्याला युरिया लागला की ते कुजतंच. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, नवीन तुकडा सोल्डर केला, वर गोंदवाली स्लीव्ह. ते मशीन त्या कोडनं परत थांबलं नाही.

पण बल्ब घेऊन लगेच धावू नका. बल्ब फक्त बॅटरीवरून फ्यूजमार्गे येणारा सप्लाय आणि मुख्य अर्थ यांनाच, तेही कपलर काढून, हार्नेसच्या बाजूला. ५ व्होल्टच्या सेन्सर सप्लायला किंवा कॅनच्या (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या) दोन वायरींना बल्ब लावलात तर ईसीयूच, म्हणजे मशीनचा कंट्रोलरच, जाईल. तो हेडरपेक्षा कितीतरी महाग. सर्किट डायग्राम हातात नसेल तर दुसरा मार्ग घ्या: कपलर जोडलेला ठेवून, मशीन चालू असताना, मागच्या बाजूनं बारीक पिन घालून अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह व्होल्टेज मोजा. ०.१–०.२ च्या वर गेलं की अर्थमध्ये काहीतरी आहे. मोजता मोजता दुसऱ्या हातानं हार्नेस हलवा. आमच्या मशीनला तास लागायचा तो हादऱ्यांमुळेच. कॅन बघायचं तर बॅटरी कटऑफ करून दोन वायरींमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर लाइनमध्ये नाही.

फक्त ३३६४ एकटा आला आणि दर्जा कमी म्हणत असेल, तर मात्र युरियाकडेच बघा. नमुना टाकीतून घ्यायचा. ऑपरेटरच्या डब्यातला घेऊन उपयोग नाही, कारण बहुतेक वेळा पाणी शिरतं ते मशीनच्या टाकीत, प्रेशरनं धुताना. ३१.८ ते ३३.२ टक्के चालतं. रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड वॉटरवर शून्य करा. आणि टाकी नुकतीच भरली असेल तर थोडं थांबा. सेन्सर आवाजाच्या लहरींनी दर्जा ओळखतो, बुडबुड्यांनी तो फसतो. युरिया ३५ अंशांच्या आसपास सहाएक महिनेच टिकतो. पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या उन्हाळ्यापासून पडलेला ड्रम स्वस्त मिळाला म्हणून कुणी आणला असेल, तर मोजायच्या आधीच उत्तर समजा. पितळी नरसाळं आणि जीआयची (जस्त चढवलेल्या पत्र्याची) बादलीही नको. प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस.

"युरिया बंद करून देतो, डबी बसवतो" म्हणणारे पण भेटतील. ही डबी कंट्रोलरला सगळं ठीक असल्याचे खोटे सिग्नल देते. नाद करू नका. २०२१ च्या एप्रिलपासून चाकांच्या मशीनला सीईव्ही-४ हा धुराचा नियम आला, २०२५ च्या जानेवारीपासून सीईव्ही-५. नवीन मशीन आता अशीच येणार. डबी बसवणारा पैसे घेऊन जातो, पुढच्या प्रत्येक कोडला तुमच्याच नावानं शंख होतो. शिवाय त्यातनं तुम्ही शिकत काहीच नाही, हा माझा खरा राग.

गुरू कुठला धरावा, याबद्दल माझं मत थोडं कडू आहे. लॅपटॉपवाले इंजिनिअर वाईट नसतात, पण त्यांचा वेळ मोजलेला असतो, आणि पार्ट बदलून बघणं त्यांना परवडतं. आपल्याला नाही. महिना-दोन महिने एखाद्या ट्रक इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली फुकट राबलात तरी चालेल. स्कॅनर काय, आठवड्यात चालवता येतो.

पहिल्यांदा चुकाल, तर चुका. मी चुकलो आणि अजून याच धंद्यात आहे. फक्त पार्ट मागवायच्या आधी एक रात्र जाऊ द्या.

दुरुस्तीनंतर मशीन लगेच पूर्ण ताकद देत नसेल तर घाबरू नका. काही मशीनना कंट्रोलर स्वतःची खात्री होईपर्यंत वेळ घेतो, काहींना कंपनीच्या टूलनंच रिसेट लागतो. हे मालकांना आधीच सांगून ठेवा. आणि ऑपरेटरला सांगा, इंजिन बंद केल्या केल्या कटऑफ फिरवायचा नाही. पंप लाइनमधला युरिया परत टाकीत ओढत असतो, दोनेक मिनिटं थांब.

काढलेला जुना हेडर मी ठेवून दिला होता. पुढच्या वर्षी कागलच्या एका मशीनला खरोखरच हेडर गेलेला निघाला, तेव्हा तो बसवला. अजून चालतोय.