कॉकपिटमधला नखाएवढा वैमानिक रंगवताना

स्टार वॉर्स चित्रपटांतल्या एक्स-विंग यानाचं बांदाई कंपनीचं १/७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं) मॉडेल पूर्ण जोडलं की साधारण १७ सेंटिमीटर लांब भरतं. त्यात बसणारा वैमानिक करंगळीच्या नखाहून जेमतेम मोठा आणि त्याचं हेल्मेट ज्वारीच्या दाण्याएवढं. वरून काच बसल्यावर यातलं काय दिसणार, असं म्हणून बरेच जण तो भाग कोराच सोडतात. पण मॉडेल हातात घेणारा माणूस आधी काचेतून आत डोकावतो. आमच्या घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने हेच केलंय. आत एकरंगी प्लॅस्टिक दिसलं तर ते खेळणं वाटतं. आत कोणीतरी बसलंय असं वाटलं, की अख्खं यानच मोठं वाटायला लागतं.

इतक्या लहान जागेत आपण खरं तर उजेड आणि सावली रंगवत असतो. एवढं लक्षात ठेवलं तर हात कमी थरथरतो, कारण मग प्रत्येक बटण अचूक उमटवायची सक्ती राहत नाही.

आधी काय दिसतं ते बघा

रंगाला हात लावण्याआधी कॉकपिट, वैमानिक आणि काच नुसती जोडून पाहा. हे किट गोंदाशिवाय खटकन बसणारं आहे आणि एकदा घट्ट बसलेला भाग सोडवताना मोडू शकतो. म्हणून खुंट्यांची टोकं सुरीने थोडी तिरकी कापून घ्या, म्हणजे भाग सहज निघतात. आता यान हातभर लांब धरून दिव्याखाली फिरवा. मला दिसलं ते असं : हेल्मेट, खांदे, छातीवरची पेटी आणि समोरच्या बटणांच्या पॅनेलची वरची कड. पाय अंधारातच राहिले. जे दिसतं तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा. मेहनत फक्त तिथेच घ्यायची, बाकीच्या जागी एक गडद हात पुरे.

ब्रश आणि बैठक

बारीक कामाला सगळ्यात बारीक ब्रश घ्यावा, हा समज काढून टाका. ५/० या अतिबारीक नंबरच्या ब्रशमध्ये रंग इतका कमी मावतो की टोक कामापर्यंत पोचेतो वाळून जातं. ० किंवा १ नंबरचा, पोट भरलेला पण टोक सुईसारखं जुळणारा ब्रश हवा. दुकानात तो पाण्यात बुडवून झटका आणि टोक एकत्र येतं का ते पाहा. चांगला सिंथेटिक ब्रश या कामाला पुरतो. मुंगसाच्या केसांचा ब्रश कोणी दाखवला तर घेऊ नका. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. आपल्या छंदासाठी एक जीव जाणं मला मुळीच मान्य नाही.

वैमानिकाला तळाशी भोक पाडून टूथपिकवर बसवा आणि टूथपिक बाटलीच्या बुचात खोचा. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली, म्हणजे हात हलले तरी बरोबर हलतात. श्वास सोडताना ब्रश टेकवा. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी करणारा कारागीर पाहिला असेल, तर हात टेकवण्याचं मोल वेगळं सांगायला नको. कपाळावर बांधायचं भिंग मिळालं तर घ्या, मात्र मधूनमधून ते वर करून साध्या डोळ्यांनी बघत जा. भिंगातून दिसणारी चूक बाहेर कोणालाच दिसत नाही, आणि तीच सुधारत बसलं की रंगाचे थर चढत जातात.

रंग

पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक, उदाहरणार्थ व्हॅलेजो कंपनीचे, ब्रशने लावायला सोपे. तामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक ब्रशने लावताना भरभर वाळतात आणि दुसरा हात देताना खालचा थर उचलला जातो, त्यामुळे ते मी एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारण्यासाठी, ठेवते. रंग दुधाइतका पातळ करा. ब्रश भरल्यावर कागदावर टिपा, मग अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. ती नीट उमटली तरच मॉडेलकडे वळा. मे महिन्यात पंखा बंद करा आणि रंगात रिटार्डरचा (रंग हळू वाळवणाऱ्या द्रवाचा) एखादा थेंब घाला, नाहीतर टोकावरच गाठ होते.

करड्या प्रायमरचा, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून खाली द्यायच्या अस्तराचा, विरळ हात आधी. जाड हात दिला तर जोडाचे भाग बसत नाहीत.

कॉकपिटला शुद्ध काळा लावू नका. लहान मापात काळा रंग भोकासारखा दिसतो. गडद राखाडी लावा आणि काळा फक्त खाचांत सोडा. तो वाळला की फिकट राखाडीचा कोरडा ब्रश फिरवा : ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच ओढायचा. कडा आपोआप उजळतात आणि निम्मं काम इथेच होतं.

मग दिवे. टूथपिकचं टोक रंगात बुडवून नुसतं टेकवा. लाल दोन, पिवळे दोन, पांढरे तीन-चार, बस. सगळी बटणं रंगवली तर पॅनेल तिळगुळावरच्या रंगीत हलव्यासारखं दिसतं. कुठलं बटण कशाचं, याचीही चिंता नको. स्टार वॉर्ससाठी १९७० च्या दशकात जी मूळ मॉडेलं घडली, त्यांच्यावरचे कित्येक बारीक तपशील म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटमधले सुटे भाग होते. त्यांना काम एकच होतं, यान मोठं आणि वापरातलं वाटावं.

वैमानिकाचा पोशाख नारिंगी. नारिंगी झाकत नाही, म्हणून खाली आधी पांढरट हात द्या आणि वर नारिंगीचे दोन-तीन विरळ थर. त्यावर पांढरं जाकीट, काळे हातमोजे, फिकट राखाडी पट्टे. पट्टा ओढताना ब्रशचं टोक नाही, बाजू वापरा. उंच कडेवर रंग स्वतः बसतो. चेहऱ्यावर डोळे काढू नका. या मापात माणसाचा डोळा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान येतो आणि काढलेला डोळा नेहमी बटबटीत दिसतो. हेल्मेटच्या कडेखाली तपकिरी सावली आणि नाकाच्या शेंड्यावर फिकट ठिपका दिला की चेहरा उभा राहतो. हेल्मेटवरचं चिन्हही पूर्ण रेखू नका, लाल रंगाचे दोन-तीन तुटक ठिपके पुरतात.

शेवटी खाचांत तपकिरी-काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडा. इथे एक धोका आहे. पॅनेल लाइनसाठी, म्हणजे पत्र्यांच्या जोडरेषा उठवण्यासाठी, मिळणारे तयार वॉश बहुधा एनॅमलचे (तेलकट रंगाचे) असतात. त्यातलं थिनर खटकन बसवलेल्या, ताणात असलेल्या जोडात शिरलं की प्लॅस्टिकला तडा जातो. म्हणून भाग सुटे असतानाच वॉश द्या, तोही पाण्याचा, आणि फाजील रंग ओल्या ब्रशने टिपून घ्या.

वार्निश आणि काच

सगळ्यावर मॅट वार्निश, आणि ते वाळल्यावर हेल्मेटच्या वायझरवर (डोळ्यांपुढच्या काचेवर) व पॅनेलवरच्या दिव्यांवर ग्लॉसचा एकेक थेंब. त्या थेंबात खोलीतला उजेड अडकतो आणि रंगवलेला ठिपका पेटल्यासारखा वाटतो. या कामातला हा माझा सगळ्यात आवडता क्षण. फवाऱ्याचं मॅट वार्निश भर पावसाळ्यात मारू नका. एका जुलैत मी तीन रात्रींचं काम असंच दुधाळ करून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून रंगवलं. पाऊस उघडून हवा कोरडी होईपर्यंत थांबा किंवा वार्निश ब्रशने लावा.

काच बसवण्याआधी आतली धूळ फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. मऊ कोरड्या ब्रशने झटका. काचेला सुपरग्लू लावायचा नाही, त्याच्या वाफेने ती आतून पांढरी धरते. टूथपिकच्या टोकावर येईल एवढा फेव्हिकॉल कडेला लावा, तो वाळून पारदर्शक होतो. काच बसवून यान रात्रभर डब्याखाली झाकून ठेवा.