लोकलमध्ये रहस्यकथा वाचताय? मग खुनी आपणच पकडायचा

काही लोकं रहस्यकथा हातात आली की आधी शेवटचं पान बघतात, त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांसाठी लिहितोय, कारण डिटेक्टिव्हच्या आधी आपण खुनी ओळखला की दिवसभर कॉलर टाईट असते.

आधी पुस्तक नीट निवडा. ठाणे-वाशी जेमतेम अर्धा तास, त्यात ऐरोली घणसोलीची चढउतार, त्यामुळे वीस पात्रांची जाडजूड कादंबरी नकोच, रबाळे येईपर्यंत कोण कोणाचा मेहुणा तेच विसरायला होतं. शेरलॉक होम्स या डिटेक्टिव्हच्या लघुकथा 56 आहेत, मराठी अनुवादही मिळतात, जाता-येता एक संपते. झुंजार किंवा काळापहाडसारखा मराठी हीरो हवा असेल तर बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहून ठेवल्यात, पण तिथे कोडं सोडवत बसू नका हां, तिथे हीरो कात्रीत सापडतो कसा आणि सुटतो कसा तेच बघायचं. विकत घ्यायचीही गरज नाही, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे. (त्याच वर्षी डिसेंबरात होम्सला त्याच्या लेखकाने मारून टाकलं होतं, वाचक इतके भडकले की शेवटी 1903 मध्ये परत जिवंत करावं लागलं!) फक्त लायब्ररीची कॉपी घेताना जरा चाळून घ्या, एखाद्या महाभागाने खुन्याच्या नावाभोवती पेन्सिलने गोल केलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. कोणाचं तोंड पडलंय, कोण घाबरलंय यावर जाऊ नका, ती लेखकाने टाकलेली गळ असते. खरा पुरावा तो लपवत नाही, चार फालतू वस्तूंच्या मधे ठेवतो आणि लगेच भांडण नाहीतर विनोद सुरू करतो. समजा नौपाड्यात एकटे राहणारे आजोबा घरात मेलेले सापडले, दारात तीन दिवसांचे पेपर, एक चप्पल उलटी, कडीला दुधाची एकच पिशवी, आणि तेवढ्यात शेजारच्या काकू पार्किंगवरून सुरू होतात. आपण काकूंच्या मागे जातो. पण पेपर तीन तर दूध एकच का? दूधवाल्याला कोणीतरी उद्यापासून नको म्हणून सांगितलंय, आणि ज्याने सांगितलं त्याला आजोबा उद्या नसणार हे माहीत होतं, पेपरवाल्याचं मात्र तो विसरला. हीरो भारी वाटतो तो इथेच, त्याला दिसलेलं आपल्यालाही दिसलेलं असतं.

हीरोचा मित्र काय उडवून लावतो तेही बघा, "त्यात काय एवढं" असं तो म्हणाला की बोट ठेवून पान लक्षात ठेवायचं. आणि रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच कुठेतरी येऊन गेलेला पाहिजे, म्हणजे शेवटी उगवलेला नोकर खुनी निघाला तर शिव्या लेखकाला घाला, स्वतःला नाही.

हीरो सगळ्यांना एका खोलीत जमवायला लागला की पुस्तक बंद. मोबाईलच्या नोट्समध्ये नाव, कारण आणि पान नंबर लिहा, पान नंबर नसेल तर तो तुक्का, धरायचा नाही. मग उरलेलं घरी वाचा, कारण ते गाडीत उघडलंत तर सानपाड्याला उतरायचं असलं तरी थेट वाशीला उतराल.