साईट उघडत नाहीये? लाइनवाल्याला फोन करायच्या आधी एवढं बघा

आपल्या इंदूरला पावसाळ्यात एकदा लाइट येजा करायला लागली की मग रामबाग काय नि सुदामा नगर काय, सगळीकडे तेच, वायफायचे दांडे फुल्ल पण साईट काही उघडत नाही. क्रोम म्हणतं ‘सर्व्हरचा आयपी ॲड्रेस सापडला नाही’. म्हणजे नेट गेलंच असं नाही हं, साईटच्या नावावरून तिचा नंबर काढून देणारं जे डीएनएस असतं ते अडकलंय बहुतेक. खाली ‘एनएक्सडोमेन’ लिहिलेलं असेल तर आधी स्पेलिंग बघा, कारण त्याचा अर्थच ‘या नावाचं काही नाहीच’ असा.

मग त्याच वायफायवर मोबाईलमध्ये तीच साईट उघडा, पण मोबाईल डेटा बंद करून, नाहीतर काही कळणार नाही. मोबाईललाही नाही उघडली तर राउटरचा प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा.

तरी नाही? विंडोजमध्ये सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि पिंग ८.८.८.८ टाका (कमांड नि आकडे इंग्रजीतच टाइप करा बरं का). हा गूगलच्या डीएनएसचा नंबर. रिप्लाय आले तर लाइन ठीक, घोळ नावाचाच. आता खरी गंमत एनएसलुकअप (nslookup) या कमांडमध्ये, ती डीएनएसला साईटचा नंबर विचारते. एनएसलुकअप लिहून स्पेस देऊन साईटचं नाव टाका, मग तेच परत टाकून शेवटी अजून एक स्पेस आणि १.१.१.१ लावा, हा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासून सगळ्यांसाठी फुकट आहे. साध्या कमांडला टाइमआउट (म्हणजे वाट बघूनही उत्तर नाही) आणि १.१.१.१ वाल्याला उत्तर, असं झालं तर तुमच्या राउटरचा किंवा नेट कंपनीचा डीएनएस झोपलाय, कॉम्प्युटरचा काही दोष नाही. वरती ‘सर्व्हर: अननोन’ दिसतं त्याला घाबरू नका, राउटरच्या नंबराला नाव नसलं की तसं येतं, आणि ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह’ म्हणजेही चूक नाही, उत्तर दुसऱ्याच्या साठ्यातून आलंय एवढंच.

अशा वेळी सेटिंग्जमध्ये नेटवर्क, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज, तिथे डीएनएसच्या पुढे एडिट, ऑटोमॅटिकचं मॅन्युअल करा, आयपीव्ही४ चालू करून १.१.१.१ आणि दुसऱ्या खान्यात ८.८.८.८ भरा. हे विंडोज ११ चं सांगतोय, १० मध्ये वाट जरा वेगळी आहे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र हात लावू नका, ऑफिसच्या आतल्या साईट त्यांच्याच डीएनएसला माहीत असतात.

उलट दोन्हीकडे उत्तर बरोबर येतंय पण ब्राउझर हटून बसलाय, तर भानगड कॉम्प्युटरमध्येच. एनएसलुकअप विंडोजनं आधीच जपून ठेवलेल्या नंबरांचा साठा आणि होस्ट्स फाइल (ती पुढे सांगतो) बघतच नाही, सरळ सर्व्हरला विचारतं, म्हणून ते पास नि ब्राउझर नापास. सीएमडीतच आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, फ्लशडीएनएस (ipconfig /flushdns), एंटर, जुना साठा साफ. ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. व्हीपीएन (नेट दुसरीकडून फिरवून आणणारं ॲप) चालू राहिलाय का तेही बघा, पोरं क्रिकेट बघायला टाकतात नि विसरतात. क्रोमच्या सिक्युरिटीत ‘सिक्युअर डीएनएस’ असतं, ते एकदा बंद करून बघा, काय होतं कळेल.

एकच साईट अडत असेल तर सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरात होस्ट्स नावाची फाइल आहे ती नोटपॅडमध्ये उघडा. १९८३ मध्ये डीएनएस यायच्या आधी सगळ्या नेटवर्कची नावं अशाच एका फाइलीत असायची, तिचीच ही उरलेली शेपटी. हॅशनं सुरू होणाऱ्या ओळी राहू द्या, पण त्या साईटचं नाव असलेली ओळ दिसली तर कुणीतरी घातलेली आहे, चोरीचं सॉफ्टवेअर टाकणारे हे हमखास करतात. काढायची तर नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर सेव्हच होणार नाही.

आणि कंपनीचाच डीएनएस खराब निघाला तर फोनवर नुसतं ‘नेट चालत नाहीये’ म्हणू नका, तिकडचे भिया लोक परत राउटर बंद-चालू करायला लावतील. ‘पिंगला रिप्लाय येतोय, तुमच्या डीएनएसवर टाइमआउट आहे, १.१.१.१ वर चालतंय’ असं सांगा.